सिंह आणि सूर्य : एका चिन्हाचा प्रवास

वाचकहो, आपल्या समाजाच्या कोणत्याही शाळेतील हजेरीपट उघडून पाहा. असद, हैदर, हमजा, अब्बास, उसामा, गझनफर, जैगम यांपैकी दोन-चार नावे तरी एका वर्गात सापडतीलच. या सर्व नावांचा अर्थ कोशकार एकच देतात : सिंह. अरबी भाषेत या प्राण्याला इतकी नावे आहेत की दहाव्या शतकातील व्याकरणकार इब्न खालवैह याने ती पाचशेपर्यंत गोळा केली. हजरत अलींना 'असदुल्लाह', म्हणजे अल्लाहचा सिंह, ही पदवी मिळाली आणि हजरत हमजांचाही गौरव त्याच शब्दाने होतो. आपले मिर्झा गालिब यांचे नावच असदुल्लाखान. 'असद' हे त्यांचे पहिले टोपणनाव आणि 'गालिब' हे नंतरचे.

नावाचा हा सिंह आपल्या घरात मोठ्या मानाने वावरतो. परंतु त्याच घरात दुसराही एक सिंह शिरलेला आहे. वर्तमानपत्र आले की मुले राशिभविष्याचे पान आधी उघडतात. 'तुझी रास कोणती?' हा प्रश्न शाळेच्या मधल्या सुट्टीत सहज विचारला जातो, आणि 'माझी सिंह, म्हणून मी पुढारी होणार' असे उत्तरही मिळते. दहावीनंतर मुलाने कोणती शाखा घ्यावी, हे ठरवताना गुणपत्रिकेबरोबर ग्रहांचाही सल्ला घेणारे पालक आपल्यात नाहीत असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तेव्हा हा आकाशातील सिंह आला कोठून, त्याच्या पाठीवर सूर्य कोणी बसवला आणि आपल्या पूर्वजांनी त्याचे काय केले, हे एकदा नीट पाहण्यासारखे आहे.

या सिंहाचा जन्म इराकच्या भूमीत झाला. इसवी सनापूर्वी सुमारे एक हजार वर्षे बाबिलोनच्या लोकांनी ताऱ्यांच्या याद्या मातीच्या विटांवर लिहून ठेवल्या. त्यांत सिंह आहे, आणि त्याच्या छातीवरील तेजस्वी ताऱ्याचे नाव 'राजा' असे आहे. ग्रीकांनी तो सिंह घेतला, ताऱ्याला 'छोटा राजा' म्हटले. त्याचाच लॅटिन अवतार म्हणजे 'रेग्युलस'. आपण त्याला मघा म्हणतो. अरबांनी त्याला 'कल्बुल असद', सिंहाचे हृदय, असे नाव दिले. सिंहाच्या शेपटीच्या टोकाचा तारा 'जनबुल असद'. युरोपीय भाषांत त्याचे 'डेनेबोला' झाले. आजही इंग्रज वा अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ त्या ताऱ्याकडे बोट दाखवतो तेव्हा नकळत अरबीच बोलत असतो.

आता सूर्याचे घर सिंह राशीत का? याचे उत्तर हवामानात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राच्या प्रदेशात ऐन उन्हाळ्याच्या काहिलीत, जुलै-ऑगस्टमध्ये, सूर्य सिंहाच्या ताऱ्यांजवळ असे. अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने दुसऱ्या शतकात हेच कारण दिले : कर्क आणि सिंह या राशी आपल्या डोक्यावर सर्वांत जवळ येतात आणि उष्णता देतात, म्हणून त्या चंद्र-सूर्यांची घरे. ज्या देशात ऐन जुलैत आभाळ काळे होऊन मुसळधार पाऊस पडतो त्या आपल्या कोकणात ही कल्पना कोणाला सुचली असती काय? राशीचे 'गुण' म्हणून आज जे सांगितले जाते ते मुळात भूमध्य समुद्राकाठचे हवामान आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी.

ग्रीक ग्रंथ अरबीत येण्यापूर्वी अरबस्तानातील बदाऊंचा स्वतःचा एक सिंह आकाशात होता, आणि तो ग्रीकांच्या सिंहापेक्षा कितीतरी मोठा होता. आपण ज्यांना पुनर्वसू म्हणतो ते दोन तारे त्याचा पुढचा पाय, पुष्याजवळचा धूसर पुंजका म्हणजे नाक, मघा आणि आसपासचे तारे हे कपाळ, आणि स्वाती व चित्रा हे त्याचे मागचे पाय. जवळजवळ एक-तृतीयांश आकाश व्यापणारा हा प्राणी पावसाचे, थंडीचे, उकाड्याचे दिवस मोजण्यासाठी होता. उंट केव्हा हाकायचे आणि तळ केव्हा हलवायचा, हे त्यावरून ठरे.

पुढे राय शहरी ९०३ मध्ये जन्मलेल्या अब्दुर्रहमान अस्-सूफी याने हे दोन्ही सिंह एकत्र मांडले. त्याचा स्थिर ताऱ्यांवरील ग्रंथ ९६४ च्या सुमाराचा. प्रत्येक तारकासमूहाची त्याने दोन चित्रे दिली : एक जमिनीवरून दिसते तसे, दुसरे आकाशगोलावर बाहेरून दिसेल तसे उलटे. टॉलेमीने दिलेले ताऱ्यांचे तेज डोळ्यांनी पुन्हा पारखून जेथे फरक आढळला तेथे त्याने तसे नमूद केले. मान्यवर गुरूची चूक आदराने पण स्पष्टपणे दाखवणे म्हणजे काय, हे शिकवायला यापेक्षा चांगले पुस्तक शोधावे लागणार नाही.

याच काळात आपल्या विद्वानांनी एक महत्त्वाची रेघ ओढली. ताऱ्यांच्या गतीचे गणित हे एक शास्त्र, आणि ताऱ्यांवरून माणसाचे नशीब सांगणे ही वेगळी गोष्ट. पहिल्यावाचून किब्ला ठरत नाही, नमाजाच्या वेळा निघत नाहीत, दर्यावर जहाज चालत नाही. दुसऱ्याविषयी इब्न सीनाने खंडनपर प्रबंध लिहिला. इब्न खल्दूनने १३७७ मध्ये 'मुकद्दमा'त एक स्वतंत्र प्रकरणच त्यासाठी दिले. अल्-बीरूनीने १०२९ मध्ये ज्योतिषाची सारी परिभाषा समजावून देणारा ग्रंथ लिहिला खरा, पण स्वतःचा त्यावर फारसा विश्वास नसल्याचे लपवले नाही. या सर्वांच्या मागे एक जुनी घटना होती. इसवी सन ६३२ मध्ये हजरत पैगंबर (स.) यांचे चिमुकले पुत्र इब्राहीम वारले त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की आकाशही शोक करीत आहे. पुत्रवियोगाच्या दुःखातही पैगंबरांनी (स.) लोकांना समजावले की सूर्य-चंद्राला ग्रहण कोणाच्या मरणाने वा जन्माने लागत नाही.

असे असूनही दरबारांतून ज्योतिषी गेले नाहीत, हे मान्य केले पाहिजे. राजांना भविष्य हवे होते आणि खगोलशास्त्रज्ञांना पगार हवा होता.

याचा एक मासला मोठा मौजेचा आहे. बादशहा अकबर १५ ऑक्टोबर १५४२ रोजी सिंधमधील उमरकोट येथे जन्मला. अबुल फज्लने 'अकबरनामा'त त्याच्या एक नव्हे, अनेक कुंडल्या दिल्या आहेत. मौलाना चांद या ज्योतिष्याच्या मते जन्मसमयी कन्या रास उगवत होती; हिंदी ज्योतिष्यांच्या मते सिंह. पुढे अमीर फतहुल्लाह शीराझी याने नव्याने गणित केले, त्याच्याही कुंडलीत सिंहच आला. हा फतहुल्लाह आपल्या दख्खनचा पाहुणा : शीराझहून तो विजापूरच्या आदिलशाही दरबारी आला होता आणि तेथून १५८३ मध्ये अकबराकडे गेला. इलाही पंचांगाची आखणी त्यानेच केली.

एकच बाळ, एकच घटका, आणि उगवती रास मात्र दोन! अबुल फज्लसारख्या चतुर माणसाच्या ध्यानात ही अडचण आल्यावाचून कशी राहील? ग्रीक आणि हिंदी गणितांत असा फरक का पडतो, याचा त्याने मुद्दाम वेगळा विचार केला आहे. खरे कारण असे की पृथ्वीचा आस भोवऱ्याच्या दांडीसारखा अतिशय मंद गतीने डोलतो. त्यामुळे ऋतूंवरून मोजलेल्या राशी आणि प्रत्यक्ष ताऱ्यांवरून मोजलेल्या राशी यांत सुमारे ७२ वर्षांत एक अंशाचे अंतर पडत जाते. अकबराच्या जन्मावेळी हे अंतर सतरा-अठरा अंशांचे होते. आज ते चोवीस अंशांच्या आसपास आहे.

पालकांनी हा हिशेब घरी करून पाहावा. समजा, मुलाचा जन्म ५ ऑगस्टचा आहे. इंग्रजी मासिकातील भविष्यानुसार तो सिंह राशीचा. आपल्याकडील पंचांगाप्रमाणे सूर्य सिंहेत जातो १७ ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे त्याचा सूर्य कर्केत. आणि मराठी वर्तमानपत्रातील रास तर सूर्यावरून धरतच नाहीत, चंद्रावरून धरतात; चंद्र सव्वादोन दिवसांत रास बदलतो, त्यामुळे ती आणखी तिसरीच निघण्याचा संभव. 'मी सिंह, म्हणून पुढारी' म्हणणाऱ्या मुलाला यांपैकी कोणत्या राशीने पुढारी करायचे ठरवले आहे, हे त्याने आधी विचारून घ्यावे.

आता पाठीवर सूर्य घेतलेल्या सिंहाकडे वळू. अनातोलियातील कोन्या येथे सेल्जुक सुलतान कैखुसरो दुसरा राज्य करीत होता. १२४० ते १२४३ या काळात त्याने पाडलेल्या चांदीच्या दिरहमांवर चालणारा सिंह आहे आणि त्याच्या पाठीमागून मानवी चेहऱ्याचा सूर्य वर येतो आहे. सुलतानाचे आपल्या जॉर्जियन बेगमेवर इतके प्रेम होते की त्याला तिचेच चित्र नाण्यावर घालायचे होते. लोकापवादाच्या भीतीने सल्लागारांनी तिच्याऐवजी तिची रास घालण्याची युक्ती सुचवली, अशी कथा सीरियन इतिहासकार बार हेब्रायूस सांगतो. कथा खरी असो वा नसो, १२४३ मध्येच कोसे दागच्या लढाईत मोगलांनी, म्हणजे मंगोलांनी, या सुलतानाचा दारुण पराभव केला. नाण्यावरील सिंह काही उपयोगी पडला नाही.

पुढे जहांगीर बादशहाने १६१८ मध्ये नाण्यांवर महिन्याच्या नावाऐवजी त्या महिन्याच्या राशीचे चित्र घालण्याचा हुकूम दिला. अमरदाद महिन्याच्या नाण्यावर सिंह आणि त्याच्यामागे उगवता सूर्य आहे. ही कल्पना आपलीच, पूर्वी कोणी केली नव्हती, असे जहांगीर मोठ्या अभिमानाने लिहून ठेवतो. कैखुसरोची नाणी त्याच्या पाहण्यात आली नसावीत!

परंतु सिंह आणि सूर्य ही जोडी पाहायला कोन्याला जाण्याची गरज नाही. उदगीरच्या पलीकडे बीदरचा किल्ला आहे. तेथील तख्त महाल बहमनी सुलतान अहमदशहाने, १४२२ ते १४३६ या त्याच्या कारकिर्दीत, बांधला असे मानतात. त्याच्या कमानीच्या वरच्या कोपऱ्यांत रंगीत चकाकीच्या फरश्यांनी सिंह आणि त्याच्यामागे उगवणारा सूर्य काढलेला होता. अहमदशहाने किरमानच्या शाह निअमतुल्लाह यांच्या घराण्याला दख्खनमध्ये बोलावले; इराणी कारागीर, कवी, हकीम यांची येथे रीघ लागली, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा सिंहही आला. त्याच किल्ल्याच्या शर्झा दरवाजावर १५०३ चा शिलालेख असून दोन्ही बाजूंस असेच पशू कोरले आहेत. विजापूरच्या शर्झा बुरुजावरील 'मलिक-ए-मैदान' ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली, मुहम्मद बिन हुसेन रूमी याच्या हातून. तिचे तोंड जबडा वासलेल्या श्वापदाचे आहे आणि दातांत हत्ती चिरडलेला आहे. मुरूडजवळच्या जंजिऱ्याच्या महाद्वारावरही पंजांत हत्ती पकडलेला पशू आहे. कोणी त्याला वाघ म्हणतो, कोणी सिंह, कोणी शरभ. या गोंधळाला भाषाही कारणीभूत आहे : फारसीत 'शेर' म्हणजे सिंह, पण हिंदुस्थानात आल्यावर तोच शब्द वाघाला लागला. टिपू सुलतानने वाघ हे आपले चिन्ह केले, आणि 'असदुल्लाह अल्-गालिब' हीच अक्षरे वाघाच्या मुखाच्या आकारात गुंफली, ती याच सरमिसळीतून.

या दख्खनी इतिहासात एक गोष्ट मला फार बोचते. अहमदशहाचा भाऊ आणि त्याच्या आधीचा सुलतान फीरोजशहा बहमनी याला गणिताची आणि खगोलाची आवड होती. त्याने १४०७ मध्ये दौलताबादजवळ वेधशाळा बांधायला काढली. काम हकीम हसन गीलानी याच्याकडे सोपवले होते. हकीम वारला आणि काम तसेच राहिले, अशी नोंद फिरिश्त्याने केली आहे. एक माणूस गेला आणि शास्त्र थांबले. त्याची जागा घेणारा विद्यार्थी तयार झालेला नव्हता. समरकंदला उलुगबेगची वेधशाळा उभी राहिली ती यानंतर. म्हणजे दौलताबादचे काम पुरे झाले असते तर दख्खन पुढे राहिला असता. वेधशाळा अर्धवट राहिली, आणि राजवाड्यावरचा सिंह मात्र पुरा झाला.

बीदरलाच पुढे १४७२ मध्ये महमूद गवान याने मदरसा उभारला, तीन मजली, रंगीत फरश्यांनी मढवलेला. ग्रंथालयात तीन हजार ग्रंथ होते असे सांगतात. तो स्वतः गीलानचा, म्हणजे त्या हकीम हसनच्याच मुलखातला. १४८१ मध्ये खोट्या पत्राच्या आरोपावरून त्याला ठार करण्यात आले.

समरकंदचे नाव निघाले म्हणून सांगतो. तेथील रेगिस्तान चौकात दोन मदरसे समोरासमोर आहेत. एक उलुगबेगचा, १४२० मध्ये पुरा झालेला. या राजाने १०१८ ताऱ्यांची यादी १४३७ मध्ये सिद्ध केली. १४४९ मध्ये त्याच्या मुलानेच त्याचा वध करविला, वेधशाळा जमीनदोस्त झाली, आणि तिचा पाया १९०८ मध्ये उकरून काढावा लागला. समोरचा 'शेरदार' मदरसा १६१९ ते १६३६ या काळात यलंगतूश बहादुर याने बांधला. त्याच्या कमानीवर दोन पट्टेरी सिंह हरणांच्या मागे धावत आहेत आणि प्रत्येकाच्या पाठीवर माणसाच्या चेहऱ्याचा सूर्य आहे. मदरशाच्या दारावर सजीवांची चित्रे कशी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. तो त्या काळीही आला असावा. पण चित्रे राहिली, आणि त्यांच्याखालून विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या हदीस आणि गणित शिकायला आत गेल्या.

इराणात हेच चिन्ह राष्ट्राचे झाले. १८३६ मध्ये मुहम्मदशहा काजारच्या काळात त्याला अधिकृत रूप आले, सिंहाच्या हातात तलवार आली, लोक तिला जुल्फिकार आणि सिंहाला हजरत अली मानू लागले. राशीचे चिन्ह असे श्रद्धेचे झाले. १९०७ च्या घटनादुरुस्तीत ते झेंड्यावर पक्के झाले, आणि क्रांतीनंतर १९८० मध्ये काढून टाकण्यात आले. जखमी सैनिकांच्या सेवेसाठी इराण रेड क्रॉसऐवजी तांबडा सिंह-सूर्य वापरत असे; तोही त्याच वर्षी बंद होऊन तांबडी चंद्रकोर आली.

शेवटी पत्त्यांविषयी दोन शब्द, कारण आजकाल मुलांच्या मोबाईलवर 'टॅरो' नावाचे प्रकरण दिसू लागले आहे. पत्त्यांचा खेळ युरोपात १३७० नंतरच्या दशकात मामलुकांच्या इजिप्तमधून गेला. इस्तंबूलच्या तोपकापी महालात मामलुक पत्त्यांचा एक जोड आहे : पेले, नाणी, तलवारी आणि चौगानच्या काठ्या. १४४० च्या सुमारास इटलीत या खेळात हुकमाची चित्रे वाढवली, तेच टॅरो. त्यांतल्या 'सामर्थ्य' या पत्त्यावर सिंह असतो. जुन्या मिलानी पत्त्यावर एक पुरुष त्याला सोट्याने झोडपतो आहे. पुढच्या पत्त्यांवर एक स्त्री शांतपणे त्याचा जबडा उघडते. तीन शतकांहून अधिक काळ हा नुसता खेळ होता. १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच गृहस्थाने हे पत्ते म्हणजे प्राचीन मिसरी पुरोहितांचा गुप्त ग्रंथ असल्याचे जाहीर केले. त्या वेळी मिसरी चित्रलिपी वाचता येणारा एकही माणूस जगात नव्हता. ती १८२२ मध्ये शांपोलियॉनने उलगडली. १९०९ मध्ये लंडनला निघालेल्या जोडात 'सामर्थ्य' अकराव्या क्रमांकावरून आठव्यावर आणले, ते राशींच्या क्रमात सिंहाच्या जागी बसावे म्हणून. म्हणजे जुळत नव्हते, म्हणून जुळवून घेतले. आपल्याकडील गंजिफाही मुसलमानी दरबारांतूनच पसरला. अकबराच्या गंजिफात वनपतीचा एक संचच होता, त्याचा बादशहा शेर आणि वजीर बिबळ्या. सावंतवाडीला आजही दशावतारी गंजिफा रंगवतात. पण त्यावरून कोणी मुलीच्या लग्नाचा मुहूर्त काढल्याचे ऐकिवात नाही. खेळ खेळच राहिला.

खरा सिंह पाहायचा असेल तर एप्रिलच्या मध्यास, चंद्र नसलेल्या रात्री, नऊच्या सुमारास मुलांना घेऊन गच्चीवर जावे. जवळजवळ डोक्यावर कोयत्याच्या आकाराचे तारे दिसतील. त्या कोयत्याच्या मुठीशी असलेला निळसर पांढरा तारा मघा, कल्बुल असद. त्याचा जो प्रकाश आपल्या डोळ्यांत येतो तो सुमारे एकोणऐंशी वर्षांपूर्वी तेथून निघालेला आहे. तेथून पूर्वेकडे पाहत गेले की त्रिकोणाच्या टोकाला उत्तरा, म्हणजे जनबुल असद. हा झाला ग्रीकांचा सिंह. बदाऊंचा हवा असेल तर मान वळवून पश्चिमेला पुनर्वसूचे दोन तारे शोधावेत, आणि मग पूर्वेकडे नुकत्याच वर आलेल्या तांबूस स्वातीपर्यंत आणि तिच्या दक्षिणेच्या चित्रेपर्यंत नजर न्यावी.